महागडी फ्लाय रॉड घ्यावी का? जानेवारी ते एप्रिलच्या नोंदी

१२ जानेवारी, पुणे

फ्लाय रॉड म्हणजे जाड दोरीसारखी लाइन फेकून तिच्या टोकाची फ्लाय, म्हणजे हुकावर बांधलेला बनावट किडा, माशापुढे टाकायची लवचिक काठी. माझ्याकडे नऊ फुटी, पाच वजनाची (हा लाइनचा क्रमांक, पुढे सांगते), चार तुकड्यांची रॉड आहे. रीळ आणि लाइनसकट पूर्ण संच १४,५०० रुपयांना पडला होता. मामेभाऊ डिसेंबरात सिअ‍ॅटलहून आला तेव्हा त्याची रॉड माझ्याकडे ठेवून गेला. तीही नऊ फुटी, पाच वजनाची, चार तुकड्यांचीच, पण नवी घ्यायची तर हजार डॉलरच्या घरात जाते. "वापरून बघ. आवडली तर पंचेचाळीस हजारांत ठेव, नाहीतर मे महिन्यात येईन तेव्हा परत दे," असं दादा म्हणाला.

पंचेचाळीस हजार ही माझ्यासाठी लहान रक्कम नाही. आपल्याकडे दोन रॉड शेजारी शेजारी हातात घेऊन फेकून बघता येतील असं दुकान मला तरी ठाऊक नाही. बहुतेक जण फोटो आणि कौतुक वाचून पैसे भरतात. माझ्या हाती चार महिने आहेत, म्हणून मोजूनमापून बघायचं ठरवलं. ज्यांना हाच प्रश्न पडला असेल त्यांच्यासाठी नोंदी ठेवते आहे.

मासेमारी कुठली हेही आधी सांगते, कारण उत्तर त्यावरच अवलंबून आहे: हिमाचलातली तीर्थन नदी, ब्राउन ट्राउट. कुल्लू भागात हा मासा इंग्रजांनी १९०९ च्या सुमारास आणला आणि तो तिथे रुजला. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटची बंदी असते, म्हणजे पाण्यावरची चाचणी मार्चातच. तोवर मैदान.

१४ जानेवारी

सोसायटीमागचं मैदान, सकाळी सात. लीडरच्या, म्हणजे लाइनपुढे बांधलेल्या बारीक धाग्याच्या, टोकाला हुकाऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधला. माझ्या रॉडने बारा मीटरच्या पुढे लाइन सरळ पडेना; लूप, म्हणजे हवेत उलगडत जाणारा लाइनचा वळसा, उघडायच्या आतच सगळं कोसळायचं. दादाच्या रॉडने थोड्या वेळात अठरा मीटर जायला लागली, तीही फारसा जोर न लावता.

फरक एवढा मोठा होता की इथेच निकाल लागल्यासारखा वाटला. पण दोन्ही रॉडवर आपापली रीळ आणि आपापली लाइन होती. म्हणजे तुलना दोन रॉडची झालीच नाही, दोन संचांची झाली. आजचे आकडे बाद.

आणखी एक अडचण. मैदानावरचं गवत वाळलंय आणि कुसळं सुटली आहेत. लोकरीत ती घुसतात, तुकडा जड होतो आणि दर पाच-दहा मिनिटांनी फेक बदलत जाते. सुरुवातीला मला ते हाताच्या थकव्यामुळे वाटलं होतं. लोकर काढून साटिनच्या रिबिनीची छोटी गाठ बांधली. तिला कुसळं धरत नाहीत. मैदानात सराव करणाऱ्यांनी रिबीनच वापरावी.

१८ जानेवारी

लाइन वजन केली. सोनाराकडे असतो तसा खिशात मावणारा डिजिटल काटा ४५० रुपयांना आणला.

रॉडवर जो "५" लिहिलेला असतो तो लाइनच्या वजनाचा क्रमांक आहे. लाइनच्या टोकाचा अगदी लहानसा एकसारखा जाडीचा भाग सोडून पुढच्या तीस फुटांचं वजन १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९.०७ ग्रॅम भरलं तर ती पाच. चारची १२० ग्रेन म्हणजे ७.७८ ग्रॅम, सहाची १६० ग्रेन म्हणजे १०.३७ ग्रॅम. उडणारं वजन लाइनचं असतं, फ्लायचं नव्हे. फ्लायला जवळजवळ वजनच नसतं. तेव्हा लाइन चुकली की रॉडबद्दल काही कळायचा मार्गच उरत नाही.

वजन करताना पहिला तास फुकट गेला. तीस फूट काट्यावर गुंडाळून ठेवले तरी उरलेली लाइन टेबलाखाली लोंबते आणि काट्याला ओढते, त्यामुळे आकडा स्थिर होत नाही. मग काट्याच्या पातळीला येतील एवढी पुस्तकं बाजूला रचली, उरलेली लाइन त्यांवर ठेवली आणि मधला जेमतेम बोटभर भाग सैल सोडला. आता तीनदा ठेवलं तरी तोच आकडा.

माझ्या संचातली लाइन: ७.९ ग्रॅम. डबीवर पाच लिहिलेली, प्रत्यक्षात चार.
दादाची लाइन: १०.२ ग्रॅम. डबीवर पाच लिहिलेली, प्रत्यक्षात जवळजवळ सहा.

दुसरा आकडा चुकून आलेला नाही. ताठ रॉड जवळच्या फेकीला वाकत नाहीत, म्हणून बऱ्याच कंपन्या "पाच"ची लाइन मुद्दाम अर्धा-एक क्रमांक जड बनवतात आणि डबीवर बारीक अक्षरात तसं लिहितातही. माझ्या संचाच्या डबीवर मात्र काहीच नव्हतं.

२० जानेवारी

लाइनींची अदलाबदल. दादाची १०.२ ग्रॅमची लाइन माझ्या रॉडवर चढवली आणि पंधरा मीटर सहज गेली. त्याच्या रॉडवर माझी ७.९ ग्रॅमची लाइन घातली तर आठ मीटरलाही हातात काही जाणवेना, काठी नुसती हवेत फिरते.

१४ तारखेच्या फरकातला निम्म्याहून जास्त वाटा लाइनचा होता. महागडी रॉड घ्यायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने आधी एवढं करून बघावं, काटा साडेचारशेला मिळतो.

३ फेब्रुवारी

चाचणीसाठी एकच लाइन दोन्ही रॉडवर हवी, आणि ती क्रमांकाला खरी हवी. तशी मागवली, ८,२०० रुपये. मधले दोन आठवडे वाया गेले, कारण विक्रेत्याने थंड पाण्याच्या लाइनऐवजी उष्ण हवेची पाठवली आणि बदलून द्यायला वेळ घेतला.

हा भेद आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. उष्ण हवेसाठी बनवलेल्या लाइनचा गाभा ताठ असतो. ती हिमाचलच्या पाण्यात स्प्रिंगसारखी वेटोळी धरून बसते. थंड पाण्याची लाइन पुण्याच्या मार्चातल्या दुपारी लिबलिबीत होते आणि रॉडवरच्या ज्या कड्यांतून ती जाते त्यांना चिकटते. खडकवासल्याला किंवा पवनेला वापरायची असेल तर पहिली, ट्राउटला वापरायची असेल तर दुसरी. मला दुसरी हवी आहे, म्हणून मैदानातल्या सगळ्या चाचण्या सकाळी नऊच्या आत.

नव्या लाइनचं वजन ९.२ ग्रॅम. चालेल.

५ फेब्रुवारी

वाकवून बघायची चाचणी. कल्पना माझी नाही. विल्यम हॅनमन या अमेरिकन गृहस्थांनी "कॉमन सेंट्स" नावाने ही पद्धत मांडली. रॉडची मूठ आडवी घट्ट धरायची, शेंड्याला वजन टांगायचं आणि शेंडा रॉडच्या लांबीच्या एक तृतीयांश खाली येईपर्यंत वाढवत न्यायचं. ते एक सेंटची नाणी वापरत, कारण १९८२ नंतरचं नाणं बरोबर अडीच ग्रॅमचं असतं. मी तांदूळ वापरले. पातळ प्लास्टिकची पिशवी दोऱ्याने शेंड्याच्या कडीला बांधली, चमच्याने तांदूळ टाकत गेले आणि शेवटी पिशवीसकट काट्यावर ठेवली.

नऊ फूट म्हणजे २७४ सेंटिमीटर, त्याचा तिसरा हिस्सा ९१. भिंतीवर चिकटपट्टीने दोन खुणा केल्या. अडचण मूठ धरण्याची. सुताराचा शिकंजा लावला तर बूच दबेल, सैल ठेवला तर मूठ फिरते. सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा मुठीला तीन वेढे देऊन त्यावर शिकंजा लावला, तेव्हा जमलं. टेबलही हलतं, त्यावर भाच्याला बसवला.

माझी रॉड: ९८ ग्रॅम. दादाची: १३१ ग्रॅम.

दोन्हींवर पाचच लिहिलंय. दादाची एक तृतीयांशाने जास्त ताठ आहे, म्हणजे तिला वाकवायला जास्त वजनाची लाइन हवी, १०.२ ग्रॅमची लाइन त्याने उगाच घेतलेली नाही. शेंडा त्या स्थितीत आडव्या रेषेशी किती कोन करतो तेही फोटोवरून मोजलं: माझी ६४ अंश, त्याची ७०. हॅनमन यांच्या हिशोबात ६६ च्या वर गेली की रॉड वेगवान, म्हणजे मुख्यतः शेंड्याकडे वाकणारी. माझी मध्यम-वेगवान गटात बसते, मधल्या भागापर्यंत वाकते.

एवढ्यावरून कोणती चांगली हे ठरत नाही. या दोन वेगळ्या कामांच्या काठ्या आहेत एवढं मात्र कळलं, आणि ते जाहिरातीत कुठेच लिहिलेलं नसतं.

७ फेब्रुवारी

माझ्या रॉडवरून नवी लाइन ओढताना बारीक खरखर जाणवली. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवून बघितला. शेंड्याच्या कडीत तंतू अडकले. भिंगातून पाहिलं तर आतल्या बाजूला केसाएवढी खाच. अशा कडीतून आठ हजारांची लाइन एका हंगामात खराब होईल.

दुरुस्ती सोपी आहे, पण उष्णता जपून लावायला हवी. कडीच्या धातूच्या नळीला मेणबत्तीची ज्योत दोन-तीन सेकंद दाखवायची, चिमट्याने ओढून बघायचं, नाही निघाली तर पुन्हा दोन सेकंद. ज्योत कार्बनला लागू द्यायची नाही. आतली राळ जळली की शेंडा गेला. तिसऱ्या वेळी कडी निघाली. माप इंचाच्या चौसष्टाव्या भागात असतं; व्हर्नियरने मोजून तीच मागवली. कडी आणि चिकटवायची गोंदकांडी मिळून ३२० रुपये. गोंद वितळवून लावायचा, कडी बसवायची आणि गोंद गार व्हायच्या आत बाकी कड्यांशी एका रेषेत आणायची. दहा मिनिटांचं काम, पण कडी यायला पाच दिवस.

१४ फेब्रुवारी

वजन. अख्खी रॉड माझी १०२ ग्रॅम, दादाची ७९. तेवीस ग्रॅमचा फरक ऐकायला किरकोळ, कारण रीळच दीडशे ग्रॅमच्या आसपास असते. पण रीळ हाताखाली असते. तिचं वजन फेकताना फिरवावं लागत नाही. खरं भारी पडतं ते शेंड्याचं वजन. म्हणून चारही तुकडे वेगळे मोजले. शेंड्याचा तुकडा: माझा ६.९ ग्रॅम, दादाचा ५.१.

हा पावणेदोन ग्रॅम नऊ फुटांच्या टोकाला आहे आणि दिवसभरात शेकडो वेळा पुढेमागे न्यायचा आहे. अर्धा तास सलग फेकल्यावर माझ्या खांद्याला तो कळतो. जास्तीचे पैसे इथे जातात: अधिक ताठ कार्बन, त्यामुळे कमी माल, पातळ भिंत, हलक्या कड्या, राळेचा पातळ थर. जोडही पाहिले, दादाच्या रॉडचे तुकडे शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरला एकसारखे घट्ट होतात. माझ्या तिसऱ्या जोडात थोडी हालचाल होती, ती मेणबत्तीचं मेण चोळल्यावर थांबली. सैल जोड फेकता फेकता तडकतो, त्यामुळे हे तपासणं रॉड कितीचीही असली तरी गरजेचं.

मग फोनच्या संथ चित्रणावर शेंड्याचे हेलकावे पाहिले. रॉड झटकन थांबवली की दादाची दीड-दोन हेलकाव्यांत शांत होते. माझी चार-पाच घेते, आणि तेवढ्या वेळात लाइनीत बारीक लाटा उमटतात. त्या लाटाच लांबच्या फेकीतलं अंतर खातात. इथे महागडी रॉड निर्विवाद सरस आहे, आणि ते बघताना मला ती मनापासून आवडली.

१६ फेब्रुवारी

डोळे बांधून चाचणी. दोन्ही मुठींना एकाच जातीची कापडी पट्टी गुंडाळली, नावं झाकली, लाइन एकच. भाचा रॉड हातात द्यायचा, डोळ्यांवरची पट्टी काढून समोर बघू द्यायचा आणि कोणती दिली ते वहीत लिहायचा. निशाणीला सायकलचे जुने टायर: सहा, बारा आणि अठरा मीटरवर.

रॉड ओळखू येते का? हो, दर वेळी. पहिल्या झोक्यातच शेंड्याचं वजन कळतं. त्यामुळे चाचणी खऱ्या अर्थाने आंधळी राहिली नाही हेही नोंदवते. तरी आकडे बोलके आहेत. सहा मीटरला माझी रॉड पुढे, थोड्याच फरकाने पण सातत्याने. बारा मीटरला दोन्ही जवळजवळ सारख्या. अठरा मीटरला माझी क्वचित टायरपाशी पोचते, दादाची निम्म्याहून जास्त वेळा आत पडते. नऊच्या सुमारास वारा सुटला, तेव्हा बारा मीटरलाही दादाची पुढे गेली.

"मावशी, मग किती मीटरवर मासा असतो ते सांग ना," असं भाचा म्हणाला. तेच आता पाण्यावर बघायचं.

२७ फेब्रुवारी

हमीची चौकशी. महागड्या रॉडच्या किमतीत मोडतोडीची हमी धरलेली असते. ऑर्व्हिससारखी कंपनी २५ वर्षांची देते, काही कंपन्या आजन्म देतात. पण आजन्म हमी बहुधा पहिल्या मालकापुरतीच असते. दादाच्या रॉडची तशीच आहे: त्याच्या नावावर नोंद, माझ्या नावावर होणार नाही. म्हणजे पंचेचाळीस हजार मोजून मी हमीशिवाय रॉड घेणार.

समजा नवीच घेतली आणि शेंडा मोडला, तर? तुकडा अमेरिकेला पाठवायचा, दुरुस्तीची फी भरायची, परत येताना कस्टमला उत्तरं द्यायची. कुरियरवाल्याने एका बाजूचेच सहा हजारांच्या आसपास सांगितले. माझ्या रॉडच्या जातीचा सुटा शेंडा साडेतीन हजारांना मिळतो. भारतात राहणाऱ्याने हमीची किंमत अमेरिकेतल्या माणसाएवढी धरू नये.

२१ मार्च, गुशैनी (तीर्थनकाठ)

झेलम एक्स्प्रेसने अंबाला, तिथून मनालीची बस, औटला उतरून बंजारमार्गे वर. रॉडच्या दोन्ही नळ्या बर्थखाली आडव्या बसतात. मत्स्यविभागाचा परवाना काढला. पाणी हिरवट काचेसारखं, तापमान सकाळी ७ अंश, बर्फ वितळून येणारं पाणी अजून वाढलेलं नाही.

इथे नदी म्हणजे घरभर मोठ्या धोंड्यांमधून उतरणारं पाणी. ट्राउट धोंड्याच्या आडोशाच्या शांत पाण्यात थांबतो आणि शेजारच्या धारेतून येणारं खाणं टिपतो. माझ्याबरोबरच्या वाटाड्याने पहिल्या अर्ध्या तासातच सांगितलं, "मॅडमजी, उतनी दूर मत डालो, बीच में तीन धार हैं, लाइन को खींच लेंगी." लांब फेकली की मधल्या प्रत्येक धारेचा वेग वेगळा, लाइन ओढली जाते आणि फ्लाय मोटारबोटीसारखी पळते. मासा बघतसुद्धा नाही.

म्हणून सगळं काम सहा ते आठ मीटरवर. संध्याकाळी वहीत हिशोब केला. हातापासून सात मीटर म्हणजे २.७ मीटर रॉड, २.७ मीटर लीडर, उरली १.६ मीटर लाइन. ९.२ ग्रॅमच्या लाइनचं पुढचं टोक निमुळतं असतं, त्यामुळे शेंड्याबाहेर दीड ग्रॅमही नाही. दीड ग्रॅमने ताठ रॉड वाकणार कशी? दादाच्या रॉडने आज सगळं मनगटाने ढकलावं लागलं. माझी रॉड तेवढ्यावरही वाकते आणि फ्लाय हवी तिथे ठेवते.

२२ मार्च

दादाच्या रॉडला तिची मूळ जड लाइन लावली, कारण ती जोडी म्हणूनच घेतलेली आहे. सात मीटरला फरक लगेच पडला, रॉड जागी झाली. पण लाइन पाण्यावर जड पडते. उथळ, स्वच्छ पाण्यात दोन मासे त्या आवाजाने सावलीसारखे निघून गेले.

दादाच्या रॉडवर एक मासा धागा तोडून गेला. टिपेट, म्हणजे लीडरच्या टोकाचा सगळ्यात बारीक धागा, ५एक्स होतं, म्हणजे ०.१५ मिलिमीटर. हुक बसवायच्या झटक्यालाच गेलं. ४एक्स, ०.१८ मिलिमीटर लावल्यावर पुढे तुटलं नाही. माझ्या मऊ रॉडवर ५एक्सवरच फूटभर ब्राउन ट्राउट आला. शेंडा झटका पितो. एका-दोन माशांवरून निष्कर्ष काढू नये, पण ९८ आणि १३१ ग्रॅमच्या आकड्यांशी हे जुळतं. तो मासा मुठीएवढ्या खोल पाण्यात धरून ठेवला होता: पिवळसर कूस, लाल ठिपके, प्रत्येकाभोवती फिकट निळं कडं. हुक काढल्यावर क्षणभर हातातच थांबला आणि गेला.

दुपारी जड मण्याची निम्फ, म्हणजे पाण्याखाली बुडणारी फ्लाय, मागे नेताना दादाच्या रॉडवर आपटली. टक् असा आवाज. शेंड्याच्या तुकड्यावर पांढरा ठिपका. भिंगाने पाहिलं, नखाने चाचपलं, फक्त रोगण उडालंय, कार्बन शाबूत आहे. पातळ भिंतीच्या रॉडला असे घाव बाधतात. तडा त्या वेळी दिसत नाही आणि पुढे मोठ्या माशावर रॉड तिथेच मोडते. धोंड्यांवरून चढउतार, जड निम्फा, आणि हमी नाही. दादाला लगेच फोटो पाठवून कळवलं.

२३ मार्च

आज मुद्दाम महागड्या रॉडच्या बाजूचं पाणी शोधलं. खाली नागणीच्या बाजूला दरी थोडी उघडते, पात्र रुंद होतं. बारानंतर दरीतून वर वारा सुटतो. पलीकडच्या काठाला मासे वर येत होते, चौदा-पंधरा मीटर.

इथे माझी रॉड कमी पडली. फ्लाय वाऱ्याने परत तोंडावर यायची. दादाच्या रॉडने लूप चिंचोळा राहतो, वाऱ्याखालून जातो, आणि लाइन पाण्यावर पडल्यावर ती उचलून प्रवाहाच्या वर टाकणंही एका हालचालीत होतं. तासाभरात तीन मासे त्याच रॉडवर, माझ्या रॉडवर एकही नाही. खांदाही दुखला नाही. अशा पाण्यावर मी रोज असते, किंवा धरणाच्या भिंतीकडून येणाऱ्या वाऱ्यात मासेमारी करत असते, तर पैसे मोजायला मागेपुढे पाहिलं नसतं.

पण तीर्थनवरच्या माझ्या वेळेतला असा भाग फार लहान आहे.

६ एप्रिल, पुणे

दादाशी फोनवर बोलले. रॉड परत देते आहे. त्याला वाईट वाटलं नाही. जड लाइनीचं कारण त्यालाही आकड्यांत प्रथमच कळलं, आणि ठिपक्याचं तो तिकडे तपासून घेणार आहे.

आतापर्यंतचा खर्च: काटा ४५०, लाइन ८,२००, कडी आणि गोंद ३२०, टायर फुकट. सुटा शेंडा ३,५०० ला मागवला, कारण गुशैनीत शेंडा मोडला तर प्रवास वाया. एकूण १२,४७०. वेळ सगळ्यात जास्त गेला तो चुकीच्या लाइनीची वाट पाहण्यात.

कुणाला माझ्यासारखंच ठरवायचं असेल तर मी हाच क्रम सुचवेन: लाइनीचं वजन, कड्यांतून कापूस, जोडांना मेण, मग आपल्या नदीवर मासा हातापासून किती मीटरवर असतो त्याची नोंद. बहुतेक मासे दहा मीटरच्या आत असतील तर मऊ रॉड आणि खरी लाइन. वारा आणि रुंद पाणी असेल, किंवा खांद्याचा त्रास असेल, तर हलक्या शेंड्याला पैसे मोजावेत, पण हमी स्वतःच्या नावावर असेल तरच.

माझ्या मनात आता साडेआठ फुटी, चार वजनाची, मध्यम चालीची रॉड आहे. किंमत पंचवीस हजारांच्या आत. विकणाऱ्याला ई-मेल केला आहे की वाकवून बघितलेले ग्रॅम कळवा, नसतील तर मी तांदूळ आणि काटा घेऊन येते. पावसाळ्यानंतर पाणी उतरलं की सप्टेंबरअखेर पुन्हा तीर्थनला जायचं आहे, त्याआधी निर्णय होईल.